भूत लपवायचं कसं?

भुताच्या चित्रपटाचं तिकीट आपण आपल्याच पैशानं काढलेलं असतं. समोरचं भूत म्हणजे रंग फासलेला नट, किंकाळी ध्वनिमुद्रित, रक्त म्हणजे लाल रंग, हे सगळं ठाऊक असतं. तरी पडद्यावरचं दार करकरलं की अंगावर काटा येतो आणि हात नकळत शेजारच्याच्या दंडावर जातो. दुसऱ्यांदा पाहताना तर दारामागं काय आहे ते पाठ असतं. तेव्हाही पाय खुर्चीखाली ओढले जातात. खोटं आहे हे माहीत असलेल्या गोष्टीची भीती वाटते तरी कशी?

हे कोडं उलगडायला एक जुना जपानी चित्रपट फार उपयोगी पडतो. कानेतो शिंदो यांचा ‘ओनिबाबा’ १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. जगभरचे चित्रपट बारकाईनं पाहण्याची सवय या शहराला संग्रहालयानं आणि प्रभात रस्त्याजवळच्या फिल्म इन्स्टिट्यूटनं लावली. ‘ओनिबाबा’ हा तसा बारकाईनं पाहायचा चित्रपट आहे, कारण त्यात भूत जवळपास नाहीच. आहे ती एक तरुण विधवा, तिची सासू आणि वाऱ्यावर हलणारं गवत.

गोष्ट चौदाव्या शतकातल्या यादवी युद्धाची. नदीकाठच्या पुरुषभर उंच गवतात एक झोपडी आहे. घरातला कर्ता मुलगा किशी याला लढाईवर नेलेलं, शेती बुडालेली. सासू-सून मिळून गवतात वाट चुकलेल्या, जखमी सामुरायांना ठार मारतात, प्रेतं एका खोल खड्ड्यात ढकलतात आणि चिलखतं-तलवारी विकून पोटापुरतं धान्य मिळवतात. एक दिवस शेजारचा हाची लढाईतून पळून येतो आणि किशी मेल्याचं सांगतो. सून विधवा होते. थोड्याच दिवसांत ती रात्री सासूचा डोळा लागला की गवतातून धावत हाचीच्या झोपडीकडं जाऊ लागते. सासूच्या हे ध्यानात येतं. मग तिच्या हाती एका मेलेल्या सामुरायाचा राक्षसी मुखवटा लागतो, आणि सुनेच्या वाटेवर रात्री एक राक्षसीण उभी राहू लागते.

प्रेक्षकाला यातलं सगळं माहीत असतं. मुखवट्यामागं सासू आहे हे चित्रपट लपवतही नाही. तरी भीती वाटते, आणि इथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

शरीर आधी, बुद्धी मागून

पहिलं कारण आपल्या शरीरातच आहे. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो. हे दचकणं विचार करून होत नाही. कानातून आलेला संदेश मेंदूच्या तळाकडच्या भागातून थेट स्नायूंकडं जातो आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात मान आखडते, डोळे मिटतात. मेंदूच्या आत खोलवर असलेला अमिग्डाला नावाचा भाग धोक्याची खूण टिपतो. हृदयाचे ठोके वाढतात, तळवे घामेजतात. त्वचेवरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. तो आवळला की केस उभा राहतो. अंगावर काटा येतो तो हाच.

‘हा चित्रपट आहे’ हे सांगणारी बुद्धी या सगळ्याच्या मागून पोहोचते. ती भीती पुसून टाकत नाही, फक्त आपल्याला खुर्चीतून पळू देत नाही. भीतीसकट जागेवर बसून राहता येतं म्हणून तर भयपटाची मजा आहे.

पण दचकवणं सोपं असतं. दाराआडून मांजरानं उडी मारली तरी माणूस दचकतो आणि पुढच्या क्षणी हसतो. तासभर पुरणारी, घरी गेल्यावरही अंधाऱ्या बोळात पाठीमागून येणारी भीती वेगळी असते. ती तयार करायला दिग्दर्शकाला काय दाखवायचं यापेक्षा काय दाखवायचं नाही हे ठरवावं लागतं.

गवताच्या आड

शिंदो यांनी ‘ओनिबाबा’चं चित्रीकरण तोक्योजवळच्या चिबा प्रांतात, इनबा-नुमा या दलदलीच्या प्रदेशात केलं. तिथं सुसुकी नावाचं उंच गवत माजलेलं होतं. सगळी मंडळी त्या गवतातच तात्पुरती घरं उभारून राहिली. छायालेखक कियोमी कुरोदा यांनी कृष्णधवल आणि लांबरुंद पडदा वापरला. सहसा इतका रुंद पडदा डोंगर, सैन्य, समुद्र दाखवायला वापरतात. इथं दोन्ही बाजूंना फक्त गवत आहे, आणि मधल्या फटीत माणूस.

याचा परिणाम कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. आपली नजर हालचालीला फार जागरूक असते. नजरेच्या कडेला काही हललं तर ते काय आहे हे कळायच्या आधीच मान वळते. शांत खोलीत पडदा हलला तर तो एक पडदाच तेवढा हलतो, म्हणून लक्ष लगेच तिकडं जातं. ‘ओनिबाबा’तलं गवत मात्र सतत हलतं. प्रत्येक पातं हलत असताना कुठल्या पात्यामागं माणूस आहे हे ओळखायची सोय उरत नाही. नजर शोधत राहते, काही सापडत नाही, तरी शोध थांबवता येत नाही. पडद्यावर काहीही घडत नसताना प्रेक्षक ताणलेला राहतो तो यामुळं.

उरलेलं काम प्रेक्षक स्वतः करतो. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढताना आधी नुसते ठिपके पडतात, आणि जाणत्या डोळ्याला रेघा ओढण्याआधीच त्यात कमळ दिसू लागतं. चांगला भयपट ठिपके देऊन थांबतो. गवताची सळसळ, धावणारी पावलं, वाटेत पांढरट काहीतरी. त्यांच्यामधल्या रेघा प्रत्येक जण आपापल्या भीतीनं ओढतो, म्हणून एकाच चित्रपटातलं भूत प्रत्येकाच्या मनात थोडं वेगळं असतं. दिग्दर्शकानं सगळ्या रेघा ओढून दिल्या तर समोर फक्त रबराचा मुखवटा घातलेला नट उरतो.

कान मागचंही ऐकतो

डोळा समोरचंच पाहतो. कान पाठीमागचंही ऐकतो. म्हणून पडद्याबाहेर काही आहे हे सांगण्याचं काम आवाज करतो. ‘ओनिबाबा’चे संगीतकार हिकारू हायाशी यांनी जपानी ढोल आणि जॅझ यांची गाठ घातली. भयपटात हमखास ऐकू येणाऱ्या किंकाळीचा गुणधर्मही लक्षात घेण्यासारखा आहे. साध्या बोलण्यात आवाजाची तीव्रता सावकाश वरखाली होते. किंकाळीत ती सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा थरथरते. कानाला हे खरखरीत लागतं आणि मेंदू त्याला तातडीची हाक समजतो. बाळाच्या रडण्यात आणि धोक्याच्या भोंग्यातही हा खरखरीतपणा असतो.

आवाजाचं सामर्थ्य पुण्यात फार आधी ओळखलं गेलं होतं. प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ १९३७ चा. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे ठेवले, आणि शांता आपटे यांच्या गाण्यालाही ग्रामोफोनसारखी कथेतलीच साथ दिली. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट भुताचा नाही. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेल्या तरुण नीराची ही गोष्ट, आणि शेवटी ती विधवा होते. पण त्या घरातल्या शांततेत जो कोंदटपणा जाणवतो तो पार्श्वसंगीत काढून घेतल्यानं आलेला आहे. संगीत असतं तेव्हा ते प्रेक्षकाला काय वाटायला हवं हे सांगत राहतं. ते गेलं की आधार जातो.

एक मुखवटा, अनेक चेहरे

सासूच्या हाती लागलेला मुखवटा हान्न्या प्रकारचा आहे. जपानच्या नो नाट्यात मत्सरानं राक्षसीण झालेल्या स्त्रीसाठी तो वापरतात. डोक्यावर शिंगं, विचकलेले दात, पण कपाळ आणि भुवया पाहिल्या तर त्यात दुःख आहे. लाकूड कोरणारा कारागीर हे जाणूनबुजून करतो. मुखवटा वर उचलला की तोंडाचा संताप पुढं येतो. खाली झुकवला की भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि तो रडतोय असं वाटतं. मुखवट्याचा कोन बदलला की पाहणाऱ्याला त्याच्या चेहऱ्यावरचा भाव बदललेला दिसतो, हे संशोधकांनी जपानी आणि ब्रिटिश अशा दोन्ही प्रेक्षकांवर तपासून पाहिलं आहे.

माणसाचा मेंदू चेहरे वाचण्यात तरबेज असतो. समोरच्याचा राग, भीती, लबाडी आपण क्षणात ओळखतो. एकाच चेहऱ्यात राग आणि दुःख दोन्ही दिसू लागले की ही ओळख अडखळते. समोर जे आहे ते मारायला आलंय की रडायला, हे ठरत नाही. न ठरणं हेच भयाचं मूळ आहे.

शिंदो पुढं आणखी एक पाऊल टाकतात. पावसात भिजलेला मुखवटा सासूच्या चेहऱ्याला चिकटतो, निघता निघत नाही. हा शाप आहे का? की ज्या सामुरायाचा तो होता त्याला एखादा त्वचारोग होता? चित्रपट दोन्ही शक्यता शेवटपर्यंत जिवंत ठेवतो. कल्पनेचं मूळ एका बौद्ध बोधकथेत आहे. त्यात सून देवळात जाते म्हणून सासू तिला मुखवटा घालून घाबरवते, आणि मुखवटा सासूच्याच तोंडाला चिकटतो. शिंदो यांनी देवळाऐवजी हाचीची झोपडी ठेवली. मुखवट्याखालचा सोललेला चेहरा रंगवताना त्यांनी अणुबॉम्बमधून वाचलेल्या माणसांच्या छायाचित्रांचा आधार घेतला. ते स्वतः हिरोशिमा प्रांतातले. चौदाव्या शतकाच्या गोष्टीत १९४५ चा चेहरा दिसतो, तेव्हा प्रेक्षकाला कळतं की या भुताला जन्म देणारी गोष्ट माणसांनीच केलेली आहे.

चौकट : कॅमेऱ्यातलं भूत

संगणकाच्या आधी पारदर्शक भूत दाखवायला एकच फिल्म दोनदा वापरत. आधी रिकामी खोली चित्रित करायची, फिल्म कॅमेऱ्यातच मागं गुंडाळायची, मग काळ्या पडद्यासमोर उभ्या नटाचं त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचं. काळ्या भागातून प्रकाश येत नाही, म्हणून तिथं खोली तशीच राहते. नट असतो तिथं त्याची प्रतिमा खोलीवर चढते आणि त्याच्या आरपार भिंत दिसते. कॅमेरा मधेच थांबवून माणूस बाजूला केला की तो अदृश्य होतो. फिल्म उलटी फिरवली की खाली पडलेली वस्तू आपोआप वर उडते. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांतले चमत्कार अशाच युक्त्यांवर उभे होते. त्यांच्या ‘कालिया मर्दन’ची (१९१९) रिळं आज पुण्याच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून ती मिळवली.

चमत्कार उजेडात, भूत अंधारात

मग मराठी चित्रपटाला भूत दाखवायची युक्ती ठाऊक असूनही त्यानं आधी देवच का दाखवले? कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली. ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकाराम वैकुंठाला निघतात, ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) भिंत चालते आणि रेडा वेद म्हणतो. या दृश्यांची तंत्रं आणि भुताची तंत्रं एकच आहेत. फरक मांडणीत आहे. चमत्काराला साक्षीदार लागतात. गावकरी जमलेले असतात, उजेड लख्ख असतो, भिंत पूर्ण दिसते आणि प्रत्येक जण हात जोडतो. भुताला साक्षीदार नकोच असतात. ते एकट्यादुकट्याला, अर्धवट उजेडात दिसतं आणि दुसऱ्या दिवशी कुणी त्यावर विश्वास ठेवत नाही. श्रद्धेला खात्री हवी असते, भीतीला शंका.

प्रभातला शंकेचं कामही येत होतं. पुण्यात तयार झालेला त्यांचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४). पशू आणि नरबळी देणाऱ्या पंथाचा राजगुरू त्यात आहे. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहन यांनी केली. शांताराम यांनी दूरचं जवळ आणणाऱ्या भिंगातून राजगुरूचा एक डोळा असा टिपला की जवळजवळ सगळा पडदा त्या डोळ्यानं व्यापला. चेहरा नाही, हात नाहीत, फक्त डोळा. उरलेल्या माणसाची कल्पना प्रेक्षकानं करायची. सुमारे नव्वद वर्षांनंतरही ही चौकट अंगावर येते.

सासवडचा वाडा

आजच्या प्रेक्षकाला जवळचं उदाहरण राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चं. २०१८ मध्ये आलेला हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटगृहं भरली. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं असलं तरी त्यातला भव्य वाडा पुण्याहून तासाभरावर असलेल्या सासवडचा, पुरंदऱ्यांचा. कथेच्या मुळाशी पुण्याचे भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘आजी’ ही कथा आहे.

‘तुंबाड’च्या पहिल्या भागात १९१८ साल आहे. दोन मुलांची विधवा आई एका सोन्याच्या नाण्याच्या आशेवर वाड्याच्या मालकाची, म्हाताऱ्या सरकारची सेवा करते, आणि घरी एका कोठडीत साखळीनं बांधलेल्या आजीला जेवू घालते. ही आजी दिसायला फार वेळ लागतो. आधी साखळीचा आवाज, घोरणं, दाराबाहेर उभ्या पोराचा घाबरलेला चेहरा. बाहेर पाऊस थांबत नाही, आणि तो पाऊस खरा आहे: अनेक पावसाळ्यांत चित्रीकरण झालं. आजीची भूमिका मोहम्मद समद या मुलानं केली, ज्यानं पुढं त्या दोन मुलांपैकी विनायकाचा मुलगा पांडुरंगही साकारला. म्हातारीच्या अंगात पोराची चपळाई आली की पाहणाऱ्याला काहीतरी चुकतंय हे जाणवतं, काय चुकतंय ते सांगता येत नाही.

चित्रपटाचा उत्तरार्ध राक्षसाला उजेडात आणतो, आणि तिथं भीतीची जागा थरार घेतो. थरार उत्तमच आहे, पण अंगावरचा काटा पहिल्या भागातच उरतो.

तरुण विधवाच का?

तंत्र कितीही असलं तरी ते कुणाच्या गोष्टीला जोडायचं हा प्रश्न उरतोच. ‘ओनिबाबा’तल्या सुनेला अख्ख्या चित्रपटात नाव नाही. सासूलाही नाही. किशी, हाची, माल विकत घेणारा उशी या पुरुषांना नावं आहेत. नवरा मेल्याचं कळल्यावर सुनेला दुःखापेक्षा मोकळीक हवी आहे, आणि सासूला मेलेल्या मुलापेक्षा उद्याच्या जेवणाची चिंता आहे. सून निघून गेली तर म्हातारी एकटीनं सामुराय मारू शकणार नाही, म्हणजे उपासमार. मुखवट्यामागं ही भूक आहे. ती प्रेक्षकाला पटते म्हणून मुखवटाही पटतो. चार वर्षांनी शिंदो यांनी ‘कुरोनेको’मध्ये ही जोडी पुन्हा घेतली. तिथं सामुरायांनी मारलेली सासू-सून भूत होतात आणि जिवंत परतलेल्या नवऱ्यासमोर उभ्या राहतात.

महाराष्ट्राला ही तरुण विधवा अनोळखी नाही. ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत केशवपन करून, आलवण नेसवून तिला माजघराच्या अंधारात ठेवलं जाई. मंगलकार्यात ती समोर यायला नको असे. घरातली सगळी कामं तिनं करायची, पण तिनं दिसायचं नाही. जिवंत माणसाला घरातच अदृश्य करण्याची ही रीत होती. पुण्यानं या रीतीशी प्रत्यक्ष झुंज दिली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा ताराबाई शिंदे यांनी संतापून लिहिलेली ‘स्त्री पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यातच छापली गेली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि पुढं तो हिंगण्याला नेला.

मराठी नाटक-चित्रपटानं विधवेची गोष्ट सुधारणेच्या अंगानं मन लावून सांगितली. भयकथेनं मात्र हडळ, जखीण, मुंजा यांनाच कवटाळलं. त्या माजघरातल्या अंधाराकडं भयाच्या नजरेनं पाहणारा एखादा मोठा चित्रपट अजून व्हायला हवा, कारण ‘ओनिबाबा’तल्या गवताइतकाच तो अंधार बोलका आहे.

घाबरवायला न आलेलं भूत

भूत नेहमी लपवावंच लागतं असंही नाही. कियोशी कुरोसावा यांच्या ‘किशिबे नो ताबी’मध्ये (२०१५) पियानो शिकवणाऱ्या मिझुकीचा नवरा युसुके तीन वर्षांपूर्वी नाहीसा झालेला आहे. एका संध्याकाळी तो घरात उभा असतो आणि आपण समुद्रात बुडालो असं सहज सांगतो. तो पारदर्शक नाही. खातो, बोलतो, गाडीनं प्रवास करतो. मधल्या काळात त्याला भेटलेल्या माणसांना भेटायला दोघं निघतात. या चित्रपटासाठी कुरोसावा यांना कान महोत्सवात ‘अँ सर्तँ रगार’ विभागाचं दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं.

इथं तंत्र उलटं चालतं. भूत लख्ख समोर आहे, आणि बदलतो तो उजेड. एकाच दृश्यात, कॅमेरा न थांबवता, खोलीतला प्रकाश मंद होतो किंवा उजळतो, आणि मेलेला आणि जिवंत यांच्यातली सीमा सरकल्यासारखी वाटते. प्रेक्षक दचकत नाही. कधीही हा पुन्हा जाईल या धास्तीत मात्र राहतो. मिझुकीची धास्तीही तीच आहे.

ज्यांना हे सगळं प्रत्यक्ष तपासून पाहायचं आहे त्यांनी सुरुवात ‘ओनिबाबा’पासून करावी. तो मोठ्यांसाठीचा चित्रपट आहे, मुलांना सोबत घेऊ नये. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर तो पाहण्यात अर्थ नाही. गवताला रुंदी लागते आणि ढोलाला चांगले स्पीकर. त्यानंतर लगेच ‘कुंकू’ पाहावा आणि दोन्हींतल्या शांततेकडं कान देऊन ऐकावं.